टरफलांसकट भज्जी

मी कंजूष नाही. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात याबद्दल दोन मतं आहेत आणि दुसरं मत ह्यांचं आहे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या मी धुते, उलट्या करून दोरीला वाळत घालते आणि जपून ठेवते, याला कंजूषपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण लातुरात येळवशीच्या चार दिवस आधी मंडईत जाऊन या, मग बोला माझ्याशी.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. लातूर शहर तर असं ओस पडतं की हाक मारली तर ओ द्यायला कुणी नसतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि भज्जी खायची. हे तेलात तळायचं भजं नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, पावट्याचे ओले दाणे, वर मेथी, चुका, गाजर, जे जे हिरवं आणि रानातलं हाताला लागेल ते सगळं एका पातेल्यात घालून बेसन लावून रटरट शिजवायचं. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे आणि लोटाभर आंबील. हे पोटात गेलं की माणूस कोपीतच आडवा होतो.

माझं माहेर उमरीचं. आमच्याकडं येळवशीचं एवढं कौतुक नव्हतं. लग्न होऊन चाकूरजवळच्या गावात आले तेव्हा कळलं की इथं सुनेची किंमत भज्जीवर ठरते. आणि भज्जी करायचा मान आत्यांचा. आत्या म्हणजे माझी सासू. बावीस वर्षं मी फक्त दाणे सोलले. पातेल्याला हात लावायची टाप नव्हती. थोरल्या जाऊबाईंना एकदा संधी मिळाली होती, तर त्यांनी भज्जीत पनीर घातलं. आत्या त्या दिवशी नुसती आंबील पिऊन उठल्या. जाऊबाई नांदेडला राहतात, तिथं म्हणे असं चालतं. मला तर वाटतं कुठंच चालत नसेल.

आता आमचं बिऱ्हाड लातुरात, तिथली माझी युक्ती ऐका. येळवशीच्या आधी सगळा जिल्हा मंडईवर तुटून पडतो आणि हरभऱ्याच्या ढाळ्याची, घाट्यांसकट उपटलेल्या रोपांची, जुडी विकणारी बाई आपल्याकडं बघतसुद्धा नाही. पण येळवस झाली की महिन्याभरानं तीच बाई ‘ताई, घ्या हो, लई स्वस्त लावते’ म्हणून मागं लागते. मग मी तेव्हाच घ्यायला लागले. घाटे सोलायचे, दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, निथळून दुधाच्या पिशवीत, पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवायचं आणि फ्रीजरमध्ये. तूर, पावटा, वाटाणा, सगळ्यांची हीच गत. वर्षभर थोडं थोडं काढायचं. आषाढात ओल्या तुरीची आमटी! शेजारीण म्हणायची, तुमच्याकडं बारा महिने हिवाळाच आहे.

ह्यांचं म्हणणं वेगळं होतं. उन्हाळ्यात लाईट गेली की मी फ्रीजवर गोधड्या टाकायचे, गार हवा आत राहावी म्हणून. तर हे हातात पंखा घेऊन वारा घालत म्हणायचे, “घरात माणसं उकडून निघाली अन् हरभऱ्याला गोधडी.” बर्फाला फ्रीजरमध्ये जागाच नव्हती. ह्यांची कंबर लचकली तेव्हा मी पावट्याची पिशवी बांधली कमरेला. उतार पडला! नंतर तीच पिशवी परत आत ठेवली, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ती पिशवी संपल्यावर सांगितलं.

तर गेल्या मार्गशीर्षात आत्या अंगणात घसरून पडल्या आणि उजव्या हाताला प्लास्टर बसलं. येळवस दहा दिवसांवर. मला फोन आला.

“यंदा भज्जी तू कर.”

नीट ऐकलं का म्हणून मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हायस का न्हाई तिकडं? न्हाई जमत तर थोरलीला सांगते.”

“जमतंय, जमतंय!” मी ओरडलेच. “दाणे मी लातूरहूनच सोलून आणते आत्या, तुम्ही कशाची काळजी करू नका.”

फोन ठेवला आणि फ्रीज उघडला. चौदा पिशव्या. माघात घेतलेलं सगळं हिरवंगार. एक रुपयाची खरेदी नाही! मी स्वतःवरच इतकी खूश झाले की त्या दिवशी ह्यांना सकाळचा चहा दोनदा दिला.

पण एक गोष्ट होती. फ्रीजमधलं जे काही असतं त्याला आत्या मढं म्हणतात. “बर्फात घातलेलं मढं मी खानार न्हाई,” असं त्यांनी आमच्या घरात, माझ्याच फ्रीजसमोर उभं राहून सांगितलेलं आहे. त्यात ही येळवशीची भज्जी, पांडवांना नैवेद्याची. त्यांना कळलं असतं तर पातेलं कायमचं गेलं होतं माझ्या हातातून, नांदेडला, पनीरकडं. मग ठरवलं, कळू द्यायचंच नाही. दाणे घरीच मोकळे करायचे, पुसायचे आणि फडक्यात बांधून न्यायचे. कोण विचारतंय?

आदल्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.

“टरफलं टाकू नको बरं का. म्हशीला घेऊन ये.”

आता आली का पंचाईत! चार-पाच किलो दाण्यांची टरफलं म्हणजे पोतंभर. आणि माझी टरफलं माघातच घंटागाडीत गेलेली. ह्यांना सांगितलं तर हे खो खो हसत सुटले. खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मी म्हटलं, दात काढू नका, गाडी काढा.

मंडईत दाणे सोलून विकणाऱ्या बायका बसतात. त्यांच्यामागं टरफलांचे ढीग. मी एकीला म्हटलं, “मावशी, ही टरफलं मला द्या.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चांगली साडी, हातात पर्स आणि रिकामं पोतं. “म्हैस हाय का?”

“आहे. सासूची.”

“टरफलं फुकट न्या. पर वाटाणा घ्यावा लागंल दोन किलो.”

“माझ्याकडं वाटाणा आहे हो!”

“मग टरफलं बी असतील की.”

घेतला वाटाणा. येळवशीच्या भावानं, घासाघीस न करता, आयुष्यात पहिल्यांदा. वर्षभर जे वाचवलं ते त्या एका पोत्यानं खाल्लं, आणि हे शेजारी उभे राहून पोत्याचं तोंड धरून गालात हसत होते.

संध्याकाळी गावी पोचलो. आत्यांनी पोत्यात डावा हात घातला, मूठभर टरफलं वर काढली, वास घेतला. तूर, हरभरा, पावटा, वाटाणा, चारींची टरफलं होती. मंडईतल्या मावशीचा धंदा चोख. “ताजी हायत,” म्हणाल्या आणि पोतं म्हशीपुढं ओतलं. म्हशीनंही तक्रार केली नाही. मी सुटकेचा असा श्वास सोडला की ह्यांनी वळून पाहिलं.

पहाटे उठून भज्जीला लागले. आत्या चुलीशेजारी पाटावर बसून राहिल्या, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. मी लसूण-मिरचीचा ठेचा परतला, दाणे टाकले, भाज्या टाकल्या, बेसन कालवून सोडलं. दाणे इतके हिरवे राहिले की मलाच माझं कौतुक वाटायला लागलं. पातेलं डालग्यात ठेवून टमटममधून शेतात नेलं. कोपीत पूजा झाली, नैवेद्य झाला. जाऊबाई अजून यायच्या होत्या, भावकीतली माणसंही. कोपीत आम्ही दोघीच.

“भरव ग मला,” आत्या म्हणाल्या. “डाव्या हातानं नैवेद्याचं खात न्हाईत.”

मी उंड्याचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. बावीस वर्षांत एकदाही मी आत्यांना घास भरवला नव्हता. त्यांनी घास घेतला. चावला. गिळला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि माझी बोटं बघत होत्या.

“हरभरा सोललास?”

“हो.”

“किती?”

“दीड-दोन किलो असेल की.”

“मग आंब कुठं गेली?”

अहो, ओल्या हरभऱ्याला आंब असते! खारट, आंबट, झोंबणारी. घाटे सोलले की बोटं चरचरतात, नखं काळी होतात आणि चार दिवस निघत नाहीत. लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट. मी पोतंभर टरफलं आणली, दोन किलो वाटाणा छातीवर दगड ठेवून घेतला, सगळं केलं, आणि नखं घेऊन आले लख्ख. लग्नाला निघालेल्या नवरीसारखी.

“आत्या...” मी म्हटलं. रडू यायला लागलं. खोटं बोलल्याची लाज होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त पातेल्याची काळजी होती.

तेवढ्यात बांधावर गाडीचा हॉर्न वाजला. नांदेडची गाडी.

आत्या ताडकन उठल्या. प्लास्टर असलेली बाई इतक्या चपळाईनं उठते हे मी पहिल्यांदा पाहिलं. डाव्या हातानं मला धरलं आणि कोपीच्या मागं हरभऱ्याच्या पट्ट्यात ओढत नेलं.

“बस खाली. तोड पाला. चोळ बोटाला.”

“आं?”

“चोळ म्हन्ते न्हवं! नखात जाऊ दे. जरा माती बी घे. बघत काय राहिलीस, ती येऊन राहिली!”

मी बसले आणि हरभऱ्याचा पाला दोन्ही हातांनी चोळायला लागले. पहाटे मिरची चिरताना बोट कापलं होतं, त्यात आंब गेली तसा माझ्या तोंडून आईग निघालं. आत्या म्हणाल्या, “अंगठा ऱ्हायला.” अंगठाही चोळला. साडी मातीत, डोळ्यांत पाणी, आणि वरून सासूची देखरेख.

जाऊबाई आल्या, बसल्या, ताट घेतलं. पहिला घास खाल्ला आणि भुवया वर गेल्या. “अगं, चव तर भारी आहे. एवढं सगळं कधी सोललंस? फ्रीजमधलं तर नाही ना ग? तुझ्याकडं असतं ना नेहमी.”

मी आत्यांकडं पाहिलं.

“नखं बघ तिची,” आत्या म्हणाल्या.

मी दहाच्या दहा बोटं पुढं केली. काळी, हिरवी, सुजलेली. जाऊबाईंनी आपल्या लाल नेलपॉलिशकडं एकदा पाहिलं आणि गुपचूप दुसऱ्यांदा भज्जी वाढून घेतली. मग तिसऱ्यांदा. भावकीतले आले, त्यांनीही पातेलं खरवडलं. ह्यांनी मला लांबूनच हात जोडले. त्यांना मी नंतर बघून घेतलं.

सगळे कोपीत आडवे झाल्यावर मी आत्यांजवळ सरकले. राहवेना. “आत्या, तुम्हाला कसं सुचलं हो पाला चोळायचं?”

त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, “माझ्या सासूला बी नखं बघायची सवय हुती.”

“म्हणजे? तेव्हा तर फ्रीज नव्हता.”

“वाळलेलं हरभरं भिजवता येत्यात की. गप नीज आता.”

पण मला कुठली झोप! माझी सासू, मढं-मढं म्हणणारी, पांडवांसमोर भिजवलेले हरभरे शिजवून बसली होती आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, बावीस वर्षांत त्या घरात कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना आत्यांनी भज्जीचं पातेलं ह्यांच्याकडून गाडीत ठेवून घेतलं. घासून लखलखीत केलेलं, आणि आत गच्च भरलेले ढाळे.

“फ्रीजात ठिव,” म्हणाल्या. “म्होरल्या येळवशीला घेऊन ये. पर आल्याबरोबर आधी रानात जायचं, बोटं चोळायची, मगच पातेल्याला हात लावायचा. आन् टरफलं घरच्या म्हशीला ऱ्हाऊ देत हितंच, सोलून जा आत्ता.”

म्हणून आम्ही दोघं आणि त्या, त्यांच्या एका डाव्या हातानिशी, ओसरीवर बसून सगळे घाटे सोलून मगच निघालो. गाडीत मी डोळे पुसत होते. ह्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आंबीची बोटं डोळ्याला लागली. लागलीच होती. चाकूर मागं पडेपर्यंत डोळे चुरचुरत होते आणि मी पातेलं मांडीवरून खाली ठेवलं नाही.