तीन फरश्या मागे

"सर, दोनच बॅगा मिळाल्या. तिसरीची आशा धरू नका," असा ब्लड बँकेतून फोन आला, तेव्हा सुमनबाईंच्या ऑपरेशनला चार दिवस उरले होते.

सुमनबाई भीमपूरकडच्या. वजन जेमतेम चाळीस किलो. लहानपणी आलेल्या तापाने हृदयाची एक झडप खराब झाली होती. अंगण झाडलं तरी धाप लागायची, आडवं झोपता यायचं नाही. झडप बदलणं भाग होतं. अडचण अशी, की एका बाळंतपणात त्यांना रक्त चढवलं होतं. त्यानंतर त्यांच्या शरीरात काही अँटीबॉडी तयार झाल्या होत्या. त्यामुळे ग्रुप जुळला तरी रक्त जुळेना. त्यांचे यजमान गणपतराव गावातून जीप भरून माणसं घेऊन आले. सगळ्यांनी बाह्या वर केल्या, पण एकाचंही रक्त चाललं नाही. या दोन बॅगाही हैदराबादहून आल्या होत्या. लोहाची इंजेक्शनं देऊन हिमोग्लोबिन थोडं वर आणलं होतं. त्याहून जास्त थांबण्यात धोका होता.

मी परफ्युजनिस्ट. ऑपरेशनसाठी हृदय थांबवतात, तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम एक मशीन करतं. ते मशीन मी चालवतो. आदिलाबादमध्ये हा शब्द कोणाला कळत नाही. माझ्या सासुरवाडीला मला अजून 'ऑपरेशनमधले मशीनवाले' म्हणतात. मी दरवेळी दहा मिनिटं समजावून सांगतो, ते दरवेळी मान डोलावतात आणि पुन्हा मशीनवालेच म्हणतात.

आमच्या सर्जन मॅडम वरंगलकडच्या. हात हलका, आवाज दणदणीत. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"दो बैग हैं. दोनों फ्रिज में ही रहनी चाहिए. कौन क्या करेगा, बोलो."

भूल देणारे डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव कमी करणारं औषध देऊ. शोभा सिस्टर म्हणाली, तपासण्यांसाठी लहान मुलांच्या छोट्या ट्यूब वापरू, म्हणजे रोजचं रक्त कमी काढावं लागेल. मग माझी पाळी. मी लॅपटॉप उघडला. सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन पेशंटला परत देणारं एक वेगळं मशीन असतं. त्यावर मी बावीस स्लाइड केल्या होत्या. दोन स्लाइडमध्ये बाण हलत होते.

"ये मशीन चार दिन में आएगी?" मॅडमनी तिसऱ्या स्लाइडला विचारलं.

"नहीं, मॅडम."

"तो आप क्या करेंगे?"

"सोच रहा हूँ, मॅडम."

लॅपटॉप मिटून मी ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन विचार करत बसलो. शोभा सिस्टर तिथे कपाट लावत होती. ती गुडीहत्नूरची. मनात आलेलं ती तोंडातच ठेवत नाही.

"सर, तुमचा पाइप एवढा लांब काऊन आहे? टेबल तं तिकडं, अन् तुमी भिंतीपाशी."

"त्याला टेक्निकल कारण असतं."

"कोनतं?"

मी मशीनचं एक बटण पुसायला घेतलं.

इथे पाइपाचं गणित सांगायला हवं. पेशंटचं रक्त एका पाइपने मशीनमध्ये येतं आणि दुसऱ्याने परत जातं. पाइपात हवा राहून चालत नाही, म्हणून ते आधी सलाइनसारख्या पाण्याने भरतात. मशीन सुरू झालं की ते पाणी रक्तात मिसळतं. अचानक पाहुणे आले की आपण वरणात पाणी घालतो, तसंच. रक्त फारच पातळ झालं, की बाहेरचं रक्त चढवावं लागतं. थोडक्यात, पाइप जितका लांब तितकं पाणी जास्त.

आता ते टेक्निकल कारण. आमच्या थिएटरच्या फरश्या दीड-दीड फुटी आहेत. युनिट सुरू झालं, तेव्हा मशीन टेबलाला लागून होतं. पहिल्याच आठवड्यात मॅडम अशा काही कडाडल्या, की मी मशीन एक फरशी मागे घेतलं. खरं तर त्या वरच्या दिव्यावर कडाडल्या होत्या, पण मी वाट कशाला बघू? पुढे एकदा माझा अलार्म वाजला आणि त्या माझ्यावरच ओरडल्या. दुसरी फरशी. तिसरी फरशी मी कोणी काही बोललेलं नसताना, केवळ दूरदृष्टीने घेतली.

मी जुन्या पाइपांचे तीन फरश्यांएवढे तुकडे कापले, पाण्याने भरले आणि चहाच्या कपात ओतले. तीन कप भरले. फरशीमागे एक कप. शोभा सिस्टर शेजारी उभी होती.

"एवढं पानी त्या बाईच्या अंगात जाते?" तिने विचारलं.

"जातं," मी म्हणालो. मला खरोखर लाज वाटली. इतकी वर्षं प्रत्येक पेशंटच्या रक्तात मी माझ्या भित्रेपणाचे तीन कप ओतत होतो आणि रक्त पातळ झालं, की ब्लड बँकेला फोन करून ऐटीत बॅग मागत होतो.

ऑपरेशनच्या दिवशी मशीन टेबलापाशी आणलं आणि पाइप तीन फरश्यांनी आखूड केले. मधल्या जागेत माझं स्टूल मावलं, पोट मावेना. मॅडम हातभर अंतरावर. त्यांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं.

आणखी एक काम बाकी होतं. मशीन सुरू करण्याआधी पेशंटचंच रक्त सावकाश उलटं पाइपात येऊ द्यायचं आणि आतलं पाणी एका पिशवीत ढकलून द्यायचं. हे मी शिकताना छान शिकलो होतो. नोकरीत कधी केलं नव्हतं. कारण त्यात थोडा वेळ ब्लडप्रेशर उतरतं, प्रेशर उतरलं की अलार्म वाजतो, आणि अलार्म वाजला की काय होतं ते वर आलंच आहे.

मी पाइप दाबून धरणारा क्लॅम्प हळूहळू सैल केला. पाइपात लाल रंग सरकू लागला. प्रेशर उतरलं. अलार्म वाजला.

"प्रेशर गिर रहा है," मॅडम म्हणाल्या.

भूलवाल्या डॉक्टरांनी औषध दिलं. प्रेशर तिथेच. पिशवीत अजून निम्मंच पाणी आलं होतं. मधेच थांबलो असतो तर उरलेलं पाणी सुमनबाईंच्या रक्तात गेलं असतं, आणि फ्रिजमधल्या दोनपैकी एक बॅग हमखास उघडावी लागली असती. पुढे खरंच रक्तस्राव झाला असता, तर हाताशी एकच उरली असती.

"मॅडम, बीस सेकंड. रुकिए."

मॅडमना 'रुकिए' म्हणण्याची ही माझी पहिलीच वेळ. माझा आवाज कोणा दुसऱ्याचा वाटला. मॅडम थांबल्या. हात तसेच धरून. प्रेशर चढू लागलं, पिशवी भरली आणि मी मशीन सुरू केलं.

पुढचे दोन तास मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. हिमोग्लोबिन उतरत उतरत बॅग उघडण्यासाठी आम्ही ठरवलेल्या मर्यादेच्या जरासं वर आलं आणि तिथेच राहिलं. झडप बसली. हृदय पुन्हा सुरू झालं. पाइपात उरलेलं रक्त थेंबाथेंबाने सुमनबाईंना परत दिलं. दोन्ही बॅगा फ्रिजमध्येच राहिल्या, त्या दिवशी आणि नंतरही.

हात धुताना मॅडम माझ्या शेजारी आल्या.

"आज आराम से काम हुआ. आप पास थे. उतनी दूर से आपको सुनाई नहीं देता था, तो चिल्लाना पड़ता था. मेरा गला बैठ जाता था."

मी नळ चालू ठेवून उभा राहिलो. त्या ओरडतात म्हणून मी लांब, आणि मी लांब म्हणून त्या ओरडतात. आमच्या दोघांच्या मधे रोज एक पेशंट झोपलेला असायचा.

घरी जायच्या दिवशी सुमनबाई वॉर्डच्या दारापर्यंत स्वतः चालत आल्या. गणपतरावांनी मला गाठलं.

"साहेब, हिले रगत कोनाचं लावलं?"

"कोनाचंच नाही. त्याईचं त्याईलेच पुरलं."

"मंग असं समद्यायलेच काऊन नाय करत?"

"आता करून राह्यलो ना."

"अन् आदी?"

सुमनबाईही थांबून ऐकत होत्या. तोंडावर आलेलं 'टेक्निकल कारण' मी गिळलं.

"आदी मी लांब बसत होतो."

गणपतरावांना ती गंमत वाटली. ते मनापासून हसले आणि बायकोचा हात धरून निघाले. मी थिएटरमध्ये गेलो आणि मशीनच्या चारही चाकांचे ब्रेक लावलेत ना, ते वाकून पाहिलं. साहेबाला भिऊन लांब बसायला कोणाचीच हरकत नसते. फक्त मधल्या पाइपातलं पाणी कोणाच्या रक्तात जातं, ते आधी बघून घ्यावं.