शिउ-चिन मावशीचा पहिला प्रश्न

लियाओ शिउ-चिनच्या दुकानात केबल मागायला गेलेल्या माणसाला आधी प्रश्न मिळतो, केबल मागाहून. तैपेईच्या संगणक बाजारात जिन्याला लागून तिचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन भिंती आणि एक स्टूल. भिंतींवर काळ्या, पांढऱ्या, गुलाबी केबली लोंबत असतात. महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलेली पोरं तिथे येतात. त्यांच्या संगणकाच्या पेटीला काच असते, म्हणून आतलं सगळं गोरंगोमटं हवं असतं. एखादा पांढऱ्या केबलीवर बोट ठेवतो, तशी मावशी चष्मा कपाळावर सरकवून विचारते, "पॉवर सप्लाय कुठला?"

"चांगला आहे," असं उत्तर देणाऱ्याला ती सरळ घरी पाठवते. फोटो आण, नाहीतर खोकं आण. कारण केबलीचं कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असलं, तरी वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या डब्याकडचं टोक म्हणजे ज्याचा त्याचा कारभार. भोकं तशीच दिसतात, केबल बसतेही खटकन. पण कुठल्या पिनेतून वीज यायची हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं ठरवते. एकाची केबल दुसऱ्याला लावली की बटण दाबताच धूर निघू शकतो. "जोडा दिसायला छान आहे म्हणून कुणाचंही लग्न लावून देऊ का?" असं ती विचारते. शेजारचा दुकानदार म्हणतो, ही बाई केबली विकत नाही, सोयरिकी जुळवते. त्याला म्हणायला काय जातंय? तो काही न विचारता विकतो आणि दुपारी मस्त झोपतो.

या बाईची लेक या-चू. तिनं गेल्या उन्हाळ्यात बँकेतली बरी नोकरी सोडली आणि कार्टूनपट करायला बसली. शिउ-चिन ओरडली नाही. ओरडली असती तर घरातले एकदाचे सुटले असते, असं तिचा नवरा वेन-शियुंग म्हणतो. ती गप्प झाली आणि त्याच्या हातून लेकीकडे जेवणाचे डबे धाडत राहिली. मग या-चूला पहिलं मोठं काम मिळालं. त्यासाठी तिनं होती नव्हती ती साठवण ओतून भलंथोरलं कार्ड घेतलं. ते जळलं तर काम जाणार आणि काम गेलं तर पुन्हा बँकेची पायरी, हे तिघांनाही ठाऊक होतं.

माफी मागायची शिउ-चिनच्या घराण्यात पद्धत नाही. वस्तू आणून देतात. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्यासोबत, दुकानातली सर्वांत देखणी पांढरी केबल घेऊन लेकीच्या भाड्याच्या खोलीवर गेली. कार्डाकडचं टोक खट्ट वाजेपर्यंत दाबलं. तोंडाशी केबल वाकणार नाही हे पाहिलं. सप्लाय तळाशी पत्र्याआड होता, तिथे बोटांनी चाचपून दुसरं टोक बसवलं. या-चू मध्येच काहीतरी सांगायला गेली, पण आईनं तिच्या हातात टॉर्च दिला आणि नीट धरायला सांगितलं. सप्लाय शिउ-चिननं मागे स्वतःच लेकीला दिलेला. त्यात काय विचारायचं?

आता फक्त खाऊचं पाकीट तेवढं राहिलं होतं. हिरव्या पाकिटातला नारळाचा खाऊ वर ठेवल्याशिवाय तैपेईत कुणी शहाणा माणूस यंत्राचं बटण दाबत नाही. मग ते यंत्र कारखान्यातलं असो की इस्पितळातलं. त्या खाऊच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग', म्हणून तो ठेवला की यंत्र गुणी बाळासारखं वागतं. पाकीट हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको, आणि ते कामावर असताना कुणी खायचं नाही. ते आणायचं काम वेन-शियुंगकडे होतं. त्यानं पिशवीतून काढून मोठ्या थाटात पेटीवर ठेवलं.

या-चूचं बोट बटणावरच थांबलं. "बाबा, हे पिवळं आहे."

"हिरवी संपली होती," तो म्हणाला. "हेही चवीला चांगलं असतं."

पिवळं पाकीट ठेवतात बँकवाले, पैका येत राहावा म्हणून. या-चूनं वडिलांना सोडलं आणि आईकडे पाहिलं. "तू सांगितलंस ना आणायला? बँकेची आठवण करून द्यायला?"

"मला टोमणा मारायला पाकीट लागत नाही," शिउ-चिन म्हणाली. वेन-शियुंगनं मान हलवून साक्ष दिली.

पण लेकीचा बांध फुटला होता. "रस्त्यावरच्या कुठल्याही पोराला तू दहा प्रश्न विचारतेस, आई. मला कधी एक विचारलास? नोकरी सोडली तर डबा पाठवलास. आज केबल आणलीस. विचारलं मात्र काहीच नाहीस."

हे शिउ-चिनला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. तिनं खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि फणकाऱ्यानं म्हणाली, "बरं, विचारते. पॉवर सप्लाय कुठला?"

या-चूनंही तितक्याच फणकाऱ्यानं कंपनीचं नाव सांगितलं. ते भलतंच होतं.

"तू दिलेला या कार्डाला पुरत नव्हता," ती हळूच म्हणाली. "तुझ्या शेजारच्याकडून नवा घेतला. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

शिउ-चिनला कळून चुकलं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा आपणच. "बोट काढ बटणावरून," ती म्हणाली. आधी तिनं भिंतीतला प्लग काढला, मग ती देखणी केबल दोन्हीकडून सोडवली. तेवढं होईपर्यंत ती धीर धरून होती. मग खुर्चीत बसली आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या हातानं जाळलं असतं गं मी तुझं कार्ड."

वेन-शियुंग हिरवं पाकीट शोधायला पळाला. या-चूनं नव्या सप्लायच्या खोक्यातून त्याची स्वतःची केबल काढली. काळी, जाड, अगदीच कुरूप. शिउ-चिननं ती उलटसुलट पाहून घेतली, खोक्यावरचं नाव लेकीकडून वाचून घेतलं, आणि मगच बसवली. एव्हाना वेन-शियुंग घामाघूम होऊन हिरवं पाकीट घेऊन आला. तारीख तिघांनी तपासली. बटण दाबलं, पंखे फिरले, धूर काही निघाला नाही.

पिवळं पाकीट आता बेकार झालं होतं. शिउ-चिननं ते फोडून लेकीपुढे धरलं.

"दुसरा प्रश्न. बँक का सोडलीस?"

या-चूनं मूठभर खाऊ घेतला. "सांगते. पण लांबलचक आहे, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस."

शिउ-चिननं लगेच तोंडात मावेल तेवढा खाऊ भरला आणि मान डोलावली.