मुक्काडु

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, देवालाही नाही — त्याच्यापुढं हात जोडून मी भलतंच काहीबाही मागत राहिले. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणून तर तुम्हाला सांगते आहे.

आमच्या तंजावरात सवाशिणीनं डोक्यावरून पदर घ्यायचा नाही. तिकडे देशावर घेतात म्हणे. पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, आणि इथं त्याला मुक्काडु म्हणतात. तो विधवेनं घ्यायचा. लहानपणी खेळात घेतला तरी पाठीत धपाटा बसायचा.

इंग्रजांचा अंमल आला, राजवाड्यातली चाकरी संपली, तसे आमचे पुरुष मिळेल तिथं कारकुनी करू लागले. माझे यजमान मस्कतला एका पेढीवर होते. मीही तीन वर्षं तिथं राहिले. पहिल्याच आठवड्यात शेजारची मरियम दारात आली, स्वतःची काळी ओढणी माझ्या डोक्यावर घातली आणि हसली. मी आत जाऊन रडले. मग हळूहळू कळलं — तिथं तो मान होता. ओढणी घेऊन बाजारात गेले की माणसं बाजूला होऊन वाट देत. माझा मुलगा मरियमच्याच हातात जन्मला. पण डोकं झाकून हिंडते, हे मी यजमानांनाही कळू दिलं नाही.

पुढं त्यांचे डोळे गेले आणि आम्ही परत आलो. ओढणी पेटीच्या तळाशी होती. यजमानांची जागा धाकट्या दिरांना मिळाली, राहायला खोलीही तीच. निघायच्या आदल्या दिवशी जाऊ — रुक्मा — माझ्या मागं मागं फिरत होती. सासूबाई समोरच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"अक्का, तिकडं डोईवर काही घ्यावं लागतंय काय?"

"छे! आपल्या बायकांस कोण काय म्हणतंय? कुंकू दिसलं की झालं."

एवढंच बोलले मी.

खरं सांगितलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, हिनं मुक्काडु घेतला म्हणून माझ्या मुलाचे डोळे गेले. ती भीती होतीच. पण संध्याकाळी विहिरीवर आम्ही दोघीच होतो. तिथं कुठल्या सासूबाई होत्या? माझ्या नवऱ्याच्या जागेवर तिचा नवरा बसणार होता, आणि मला ते बघवत नव्हतं. होऊ दे थोडी फजिती, असं वाटलं.

फजिती! मरियम तिच्याही दारात गेली, तिच्याही डोक्यावर ओढणी घातली. रुक्मानं ती ओढून जमिनीवर टाकली. ही बाई माझ्या नवऱ्याचं मरण चिंतते आहे — दुसरं काय वाटणार तिला? मरियम पुन्हा आली नाही. रुक्मा उघड्या डोक्यानं बाजारात गेली तर बायकांनी तोंडं फिरवली. मग ती बाहेर पडेनाशीच झाली. दिरांचं पत्र आलं, ते मामंजींनी मोठ्यानं वाचलं — शेजारी कुणी बोलत नाही. उत्तरात घालायला एक ओळ सांगायची होती, फक्त एक. मी ताक घुसळत राहिले.

भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. दीर पेढीवर. भिंतीपलीकडे मरियम होती. रुक्मानं हाक मारली नाही. मुलगी गेली, आणि पुन्हा मूल झालं नाही. हे सगळं तिनंच मला सांगितलं, परत आल्यावर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मी तिला थोपटत होते.

यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुक्काडु माझ्याच डोक्यावर आहे. तो सरकला की रुक्मा आपल्या हातानं नीट करते. काल दुपारी तो सारखा करता करता म्हणाली, "किती दुष्ट माणसं होती नाही, अक्का, तिकडची?"

मी हो म्हटलं.