उजवीकडची सीट

दादा गेल्याची तार मला अकोल्यात, मी शिकवते त्या शाळेत मिळाली. तार वाचली, घडी केली आणि खरं सांगते, आधी रागच आला. आदल्याच रविवारी अमरावतीला त्याच्याशी भांडून आले होते, तेही शर्यतीच्या त्याच जुन्या कपावरून. "तुह्या नाकापायी कप घरात नाई आला," असं मी म्हणाले होते. तो नुसता हसला. मुलुखाचा हट्टी माणूस!

माझा थोरला भाऊ वामन मोटार स्टँडामागच्या टिनाच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. छप्पनला आम्ही नागपूरहून बौद्ध होऊन आलो, त्यानंतर लगेच त्यानं लष्कराच्या लिलावातली एक मोडकी जीप आणली. इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे. "काहून रे वामन, बैल जुपतं का याले?" लोक विचारत. "जुपीन तर तुमालेच जुपीन!" हा म्हणे. दोन वर्षं खपून त्यानं ती उभी केली, निळी रंगवली आणि मोटार क्लबच्या शर्यतीचा फॉर्म भरला. अमरावतीहून सेमाडोहचा घाट चढायचा, मेळघाटातून अकोटला उतरायचं, शेवट अकोल्याला. शेजारी वाट सांगणारा लागे. दादाचे मित्र ऐनवेळी पसार झाले. "चाल सुमे, तुले वाचता येते न!" मी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि बसले. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे मी उजवीकडे. रस्त्यावरच्या लोकांना वाटे, बाईच गाडी हाकून राहिली!

पहिल्या वर्षी दादानं धूळ नको म्हणून बॉनेटच्या पुढच्या फटींत कापूस कोंबला. वऱ्हाडी माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? पंख्यानं तो सगळा कापूस ओढून रेडिएटरवर थापला आणि अकोटच्या कापसाच्या जिनिंगसमोर गाडी वाफा सोडत बंद पडली. जिनातले मजूर पोट धरून हसले. "गाठी बांधाले आणली काय?" पुढच्या वर्षी त्यानं आईची गव्हाची चाळणी रेडिएटरपुढे बांधली. इंजिन थंड राहिलं, पण सेमाडोहच्या पुढे मीच वाट लिहिलेल्या वहीची दोन पानं एकदम उलटली आणि आम्ही जंगलात भलत्याच वाटेला लागलो. शेवटून दुसरे आलो. मी रडायला लागले तर म्हणाला, "वही तुही, इंजिन माहं. मागच्या साली माहं चुकलं, औंदा तुहं. फिटलं!"

तिसऱ्या वर्षी आम्ही पहिले आलो. क्लबच्या हॉलमध्ये त्याला एकट्यालाच बोलावलं, मी बाहेर जीपमध्ये बसून होते. थोड्या वेळानं तो रिकाम्या हातानं आला. "कप?" "ठेवला थितीच. चाल, भूक लागली." नाव लिहिण्यावरून वाजलं, एवढंच तो बोलला. त्यांनी आमची जात पाहून याचं नाव टाळलं असणार असं मी धरून चालले, आणि पुढे सहा वर्षं त्याला टोचत राहिले... नावाशिवाय का होईना, कप आणायचा होता, इतका कसला ताठा, म्हणून.

दादासाठी वंदना ठेवली त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी क्लबचे म्हातारे सेक्रेटरी तो कप घेऊन आले. वर दादाचं नाव कोरलेलं. "हे तेव्हाच कोरणार होतो," ते खाली मान घालून म्हणाले. "तो म्हणाला, दोघांची नावं कोरा. आम्हाला वाटलं, कपावर बाईमाणसाचं नाव कसं कोरायचं... त्यानं ऐकलं नाही."

वहिनी हळूच म्हणाली, "जीपच्या तुमच्या सीटवर त्यायनं कोणाले बसू नाई देलं. मलेबी नाई."

मी कप परत त्यांच्या हातात दिला. "दुसरं नाव कोरून आणा. सावकाश आणा, मी अजून जिवंत आहे."

मग शेडमध्ये गेले. जीप तशीच निळी, चाळणी तशीच बांधलेली. उजवीकडच्या सीटवरची गादी मऊ लागली. दर दिवाळीला तो तिच्यात पिंजलेला नवा कापूस भरायचा, गिऱ्हाइकांना बसवून फिरवायला भरत असेल असं मला वाटे. सहा वर्षं माझी जागा राखून बसला होता आणि मी त्यालाच बोल लावत होते. माफी मागायलाही आता तो नाही...

म्हणून इथे, वर्तमानपत्रातच लिहिते. छापून आलं की हे कात्रण मी जीपच्या काचेला आतून चिकटवणार आहे. कप येवो न येवो. ती शर्यत निळ्या जीपनं जिंकली. गाडी चालवली वामननं. वाट सांगितली सुमननं.