काच पास्कलने बसवली नव्हती

पास्कल गेल्याचा फोन आला तेव्हा मी मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होतो. फोनवर त्याचा धाकटा भाऊ होता. "रस्ता ओलांडत होता. डावीकडून टेम्पो आला, त्याला दिसलाच न्हाय," एवढंच तो बोलला. डावीकडून... पास्कलला डावा डोळा नव्हता. सहा वर्षांपूर्वी आमच्या खेळात तो गेला होता. मी रांग सोडली, मिळेल ती रिक्षा केली आणि त्याच्या गावी, उत्तनला पोचलो.

चर्चच्या आवारात, माती पडायच्या आतच, लोकांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "खेळण्यापायी डोळा घालवला, डोळ्यापायी जीव." हे वाक्य गेल्या सात आठवड्यांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते म्हणणाऱ्याच्या ओठांची हालचाल बघूनच मला कळतं. फोनवर आमच्या खेळाचा जो ग्रुप होता, तिथे सॅल्यूटची आणि झेंड्याची चित्रं पडली. सहा वर्षं ज्यांनी 'कसा आहेस' एवढं विचारलं नाही, त्यांना तो एकदम शूर सैनिक वाटायला लागला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. मी कोणाच्याही अंगावर धावून गेलो नाही, कारण त्या आवारातला सगळ्यात मोठा गुन्हेगार शवपेटीला खांदा द्यायला पहिला पुढे झाला होता. तो मी. पास्कलने डोळा घालवला नाही, तो माझ्यामुळे गेला. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक आता नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एअरसॉफ्ट हा खेळ आहे. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकांतून प्लॅस्टिकचे बारीक छर्रे उडवायचे, ज्याला लागला तो प्रामाणिकपणे हात वर करून बाहेर. अंगाला लागला तर लाल वळ उठतो. डोळ्याला लागला तर डोळा जातो. आमचा आठ जणांचा गट राई गावाच्या पुढे खाडीकडच्या एका पडीक जमिनीवर खेळायचा. त्या जमिनीवर आता टॉवर उभा राहतोय. आमचं वेगळेपण असं की आम्ही जुन्या लढाईचा वेश जमवून खेळायचो... दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायाचा.

हे खूळ पास्कलचं. त्याचे आजोबा त्या आघाडीवर लष्करी ट्रक चालवत होते. त्यांचा एकच फोटो घरात होता, खाकी सदरा आणि कपाळावर चढवलेला धुळीचा गॉगल. गॉगलही घरात होता. मी दादरहून मीरा रोडला राहायला आलेला, विमा कंपनीतला कारकून, सुट्टीत लष्करी इतिहासाची पुस्तकं वाचणारा. भाईंदरच्या एका भंगारवाल्याकडे आम्ही दोघांनी एकाच वेळी एका पितळी बकलाला हात घातला. पास्कल म्हणाला, "तुम्ही घ्या. पण हे कुठल्या सालचं ते सांगा, मला वाचायला जमत नाही एवढं इंग्रजी." तिथपासून वाचायचं काम माझं आणि हाताचं काम त्याचं.

हाताचं काम म्हणजे काय, हे ग्रुपवरच्या सॅल्यूटवाल्यांना कधी कळलं नाही. त्यांना आयता वेश मिळायचा. होडीचं जुनं शिडाचं कापड आणून पास्कल पट्टे आणि झोळ्या शिवायचा. ते कापड पांढरं, म्हणून चहाच्या पाण्यात उकळायचं, तेही त्याच्या बायकोच्या, सेलिना वहिनींच्या, सणासुदीच्या मोठ्या टोपात. "नाताळात मी यात मटन शिजवू की मिल्ट्री?" असं त्या विचारायच्या आणि पास्कल टोप घासायला घ्यायचा. पाण्याच्या बाटलीला लोकरीचं कापड शिवायला त्याने तीन रविवार घालवले, कारण पहिल्या दोन वेळा बटणाची बाजू उलटी झाली होती आणि ती उलटी आहे हे मी पुस्तकात दाखवलं होतं. माझा हा शहाणपणा त्याला आवडायचा. तो मला आवरायला हवा होता.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र तो कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही. हाटकेशला कारखान्याच्या ज्या गाळ्यात तो कामाला होता तिथे कामगारांसाठी चेहऱ्यावरच्या ढाली आणि गॉगल बनायचे. काप मारणाऱ्या मशीनवर पंधरा वर्षं काढलेला माणूस. जुन्या गॉगलची काच छर्रा लागला तर फुटते आणि फुटलेली काच छर्‍यापेक्षा वाईट, हे त्याने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून जुन्या घाटाच्या प्रत्येक गॉगलमधली काच काढून तो त्या जागी न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची भिंगं बसवायचा, कानशीने घासून, केसाएवढी फट न ठेवता. आजोबांच्या गॉगलची मूळ काच त्याने कागदात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती.

आणि मग परीक्षा. खेळाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, सगळ्यांनी गॉगल घेऊन त्याच्या पडवीत यायचं. माशांची एक रिकामी पेटी पालथी, तिच्यावर नारळ, नारळाला गॉगल. गटातली सगळ्यात जोरकस बंदूक घेऊन दोन हातांवरून दहा छर्रे. भिंगाला तडा गेला नाही आणि कड सुटली नाही, तर पास्कल गॉगलच्या पट्ट्याला जाळं विणायचा लाल दोरा बांधायचा. कोळ्याची गाठ, आपल्याला सुटायची नाही. दोरा बांधल्यावर गॉगल उघडायचा नाही. उघडला तर पुन्हा नारळ. मैदानात फक्त दोरा बघायचा. एकदा एका नव्या सॉफ्टवेअरवाल्याने घाम पुसायला खेळ चालू असताना गॉगल वर केला. डाव सुरू करायची आणि थांबवायची शिट्टी पंचाकडे असायची; पास्कलने ती मागून घेतली, खेळ थांबवला आणि त्याच्याजवळ जाऊन शांतपणे म्हणाला, "भाई, घर जाओ. आँख दुकान में नहीं मिलती." तो माणूस सगळ्यांसमोर बूट सोडून घरी गेला.

आता माझं कर्तृत्व. आमच्या वेशांचे फोटो एका प्रदर्शनात लागणार होते आणि फोटोंची जबाबदारी मी घेतली होती. न फुटणाऱ्या भिंगाला उन्हात निळसर चमक येते. जाणकाराला फोटोत ती लगेच कळते आणि मला जाणकारांची लाज वाटत होती. कोण हे जाणकार? मी त्यांतल्या एकालाही भेटलेलो नव्हतो. शनिवारी परीक्षा झाल्यावर आजोबांचा गॉगल मी पास्कलकडून मागून घेतला आणि तो हात धुवायला गेला तेव्हा डब्यातली काचही उचलली. रविवारी सकाळी उत्तनच्या किनाऱ्यावर, कोवळ्या उन्हात, दोन बारीक स्क्रू सोडून मी मूळ काच बसवली. फोटो अप्रतिम आले. भिंगं माझ्या खिशातच राहिली. पट्ट्यावरचा लाल दोरा जसा होता तसा होता, कारण भिंग उघडताना त्याला हात लावावा लागत नाही. मैदानात पास्कलने माझ्याकडून गॉगल घेतला, दोरा पाहिला आणि डोळ्यांवर चढवला. स्वतःच्या गाठीवर त्याचा विश्वास होता.

काच फुटल्याचा आवाज मोठा नव्हता. त्याने हात वर केला. नियमच तसा, लागलं की हात वर... आणि मग तो खाली बसला.

हॉस्पिटलात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेला पास्कल माझ्याशी दोन मिनिटं एकटा होता. "काच तू घातलीस ना?" मी मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं की मान हलवलेली त्याला दिसणार नाही, पण तेवढ्यात तोच म्हणाला, "असू दे. मी घातली असं सांगतो. सेलिनाला खरं कळलं तर ती तुला घरात घेणार नाही. मग पुस्तकं कोण वाचून दाखवणार मला?"

मला त्याचा तेव्हा राग यायला हवा होता, तो आत्ता येतोय. हा काय मोठेपणा? कोणी मागितला होता? माझा अपराध त्याने स्वतःच्या शिरावर घेतला आणि परत करायची सोयच ठेवली नाही. पण खरं सांगू का, मला सुटल्यासारखं झालं. मी मूग गिळून बसलो, एक दिवस नाही, सहा वर्षं. गटातले म्हणाले, "पास्कलभाई ने खुद नियम तोडा, अब क्या बोलें." मी ऐकून घेतलं. गट मोडला, मी गप्प. गाळ्याच्या मालकाने एका डोळ्याच्या माणसाला मशीनवर ठेवायचं नाही म्हणून त्याला खोकी चिकटवायच्या कामाला लावलं. ज्याच्या हाताने हजारोंचे डोळे राखले तो माणूस दिवसभर चिकटपट्टी ओढत बसायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर महिन्यातून दोनदा संन्याशाच्या घरी जाऊन बोंबलाचं कालवण जेवत होता. वहिनी ताट वाढताना पास्कलला बोलायच्या, "येडा हाय हा. दुसऱ्यांना शानपन शिकवला आन स्वतः काच घालून गेला." पास्कल हसायचा आणि मला म्हणायचा, "खा रे."

शेवटचं आम्ही भेटलो ते असंच एका रविवारी. त्याला पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या विणायच्या होत्या. खेळणं कधीच संपलं होतं, तरी वेश पुरा व्हायला हवा होता. मी वाचून दाखवत होतो, तो उजवी बाजू माझ्याकडे करून बसला होता. जाताना मी म्हणालो, "पास्कल, मी वहिनींना सांगू का?" तो म्हणाला, "पुढच्या वेळी पट्टीची रुंदी बघून ये."

महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे त्याच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेनंतर, सगळे जेवून गेले तेव्हा मी मागे थांबलो. वहिनी त्याचे कपडे निवडत होत्या, द्यायचे वेगळे, ठेवायचे वेगळे. खिडकीपाशी त्याची खुर्ची होती, डावी बाजू भिंतीला टेकवलेली, म्हणजे त्या अंगाने कोणी एकदम येऊ नये. घर आवरताना कोणीतरी ती मध्ये सरकवली होती, वहिनींनी उठून पुन्हा भिंतीला लावली. मी उभ्यानेच सांगितलं, "वहिनी, ती काच पास्कलने बसवली नव्हती. मी बसवली."

त्यांनी हातातल्या सदऱ्याची घडी घातली. मला आजवर त्यांनी 'श्रीकांतभाऊ, तुम्ही' याशिवाय हाक मारली नव्हती.

"सहा वरसं मी त्याला येडा म्हनली," त्या म्हणाल्या. "पोरांच्या समोर म्हनली. तू इथं बसायचास. ऐकत बसायचास."

त्यांनी सदरा ठेवायच्या कपड्यांत ठेवला.

"गावात सगले हेच बोलतात. घराघरात जाऊन सांगशील? न्हाय सांगनार. पेपरात लिही. एक मित्र, एक मानूस असं न्हाय. श्रीकांत म्हनून लिही. आन आधी मला वाचून दाखव."

लिहिलं आणि गेल्या आठवड्यात घेऊन गेलो. त्यांनी मला त्याच्या खुर्चीत बसू दिलं नाही, पाटावर बसवलं. मी वाचलं. 'फोटोनंतर भिंगं परत बसवायला घाईत विसरलो' असं एक वाक्य त्यात होतं. तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"खेल सुरू झाला तवा तू कुठं होतास?"

"त्याच्या समोर. दहा पावलांवर."

"ऊन होतं?"

"होतं."

"तो निला रंग दिसला तुला, गॉगलवर?"

निळी चमक नव्हती. कशी असेल? मी पाहिलं होतं. उन्हात पास्कलचा चेहरा माझ्याकडे वळला, काच स्वच्छ पांढरी लखलखली आणि माझा हात खिशातल्या भिंगांवर गेला. मला आठवलं होतं. त्या क्षणी सांगितलं असतं तर दोऱ्याचा नियम मी मोडला हे सगळ्यांसमोर आलं असतं आणि त्याने मलाही शांतपणे घरी जायला सांगितलं असतं. एक डाव होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं. दहा मिनिटांचा तर डाव. हे मी वहिनींना सांगितलं. त्यापूर्वी हे मी स्वतःलाही कधी सांगितलेलं नव्हतं.

"मग शिट्टी कोनी वाजवली?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी पंच मी होतो. विसरलो हे वाक्य मी खोडलंय, वहिनी. शिट्टी मी वाजवली.