कलमवहीच्या ताई

ताई आधी 'नाही' म्हणायच्या आणि मग समोरच्याने काय मागितलं ते ऐकायच्या. सौंसरच्या बसस्टँडमागे त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. कुणी म्हणालं, "ताई, पेनड्राइव्ह लावू का?" की उत्तर यायचं, "नाही. काय आहे त्यात, अगोदर सांग." लोक मागून त्यांना नाहीताई म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

मी रामाकोन्याची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. आई-वडील दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत कामाला जातात. कॉलेज सुटल्यावर बसला वेळ असे, म्हणून ताईंकडे बसू लागले. त्यांनी 'कलमवही' नावाचा प्रोग्राम लिहिला होता. तो सगळ्यांना फुकट, त्याचा कोडही खुला. संत्र्याच्या नर्सरीत जंबेरी लिंबाच्या खुंटावर कोणत्या मातृवृक्षाचा डोळा, म्हणजे फुटवा येणारा कोंब, बांधून कलम केलं, याची नोंद त्यात राहते. पण आमच्याकडच्या जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी जो तो वेगवेगळं लिनक्स टाकून गेलेला. एकावर चालणारी कलमवही दुसऱ्यावर उघडत नसे. ती फ्लॅटपॅकमध्ये बांधायचं काम ताईंनी मला दिलं. लागणारं सगळं सामान एका बंद डब्यात भरायचं, म्हणजे तो डबा कुठल्याही लिनक्सवर चालतो. मात्र आतल्या प्रोग्रामला नेट, प्रिंटर, फाइली असं बाहेरचं काही हवं असेल, तर तशी परवानगी लिहून मागावी लागते.

परवानगी देणं ताईंच्या अगदी जिवावर यायचं. फॉर्म भरायला आलेल्या लोकांसमोर त्या मला माझी परवानग्यांची यादी मोठ्याने वाचायला लावत.

"नेट काहून पाहिजे?"

"असू द्यावं म्हणून, ताई."

"तुह्या घरी कोणालेही झोपू देतं का, असू द्यावं म्हणून?"

लोक हसायचे. एकदा एरर न वाचताच मी मदत मागितली, तेव्हा म्हणाल्या, "तुह्या बापाले वाचता येत नाही, हे समजते. तुले काय झालं?" त्या दिवशी मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. तरी दुसऱ्या दिवशी गेले. मला वाटतं, माझ्याकडून कुणी एवढी अपेक्षा आधी केलीच नव्हती.

यादी लहान करता करता मी एकदा सगळ्याच परवानग्या काढून टाकल्या, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरचीसुद्धा. कलमवही तरीही उघडली आणि नोंदी ठेवू लागली. कुठे ठेवते, ते मी पाहिलं नाही. ताईंनी कोरी यादी खालीवर पाहिली. "या वेळी काही मागितलं नाही तू. बरं." तीन वर्षांत मिळालेली ही एकच शाबासकी. त्या आठवड्यात मी फार आनंदात होते.

तो डबा आम्ही मोहगावच्या नर्सरीवाल्या काकांच्या संगणकावर चढवला. काका अगोदर कागदी वहीत लिहीत. ताईंनी ती बंद करवली. "दोन ठिकाणी लिहिलं का दोन्ही चुकते, काका." काकांनी हंगामभर रोज संध्याकाळी एका बोटाने टाइप करून नोंदी केल्या.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. कलमवही अडकून राहिली होती आणि ताई दुकानात नव्हत्या. मी म्हटलं, "काढून टाका काका, मग परत टाका."

"पोरी, हे इचारून राहिलं, डेटाबी मिटवू का म्हणते."

मला वाटलं, त्यांच्या नोंदी त्यांच्याच फोल्डरात असणार. "हो म्हणा, काका."

नोंदी डब्याच्या आतच होत्या. बाहेर लिहायची परवानगीच मी ठेवली नव्हती. हंगामभराचं सगळं गेलं.

ताई ओरडल्या नाहीत. "नोंदी कुठे राहते, मी विचारलं नाही, ते माह्यं. हो म्हणा म्हणाली, ते तुह्यं. चल मोहगावले. तूच सांगशील." मी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि आम्हाला पाणी दिलं.

पुढच्या पावसाळ्यात काकांच्या एका मातृवृक्षाला ग्रीनिंग निघालं. हा रोग डोळ्यातून कलमात उतरतो आणि लहान रोपात ओळखू येत नाही. त्या झाडाची कलमं कोणती, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. रोगाचं रोप कुणाच्या बागेत जाऊ नये म्हणून काकांनी सगळीच रोपं उपटायचं ठरवलं.

ताईंनी मला उपटायला नेलं. जंबेरीला काटे असतात. शेजारच्या ओळीत त्याही वाकून उपटत होत्या, हातमोजे न घालता. एका रोपाला कोवळी पालवी फुटली होती.

"ताई, हे तर चांगलं दिसते."

"कोणत्या झाडाचं आहे?"

मी वाकून कलमाचा सांधा पाहिला.

"मग उपट."

काका आमच्याकडे पाठ करून बांधावर बसले होते.

आठ दिवसांनी ताईंनी कलमवहीच्या नेटवरच्या पानावरून स्वतःचं नाव काढलं आणि माझं घातलं. त्याखाली एक ओळ माझ्याकडून लिहून घेतली, की मागच्या आवृत्तीत माझ्या चुकीने नोंदी मिटल्या. मग दुकान आवरून त्या नागपूरला बहिणीकडे निघाल्या. बसस्टँडवर मी भेटायला गेले. त्यांनी माझा हात उलटा करून काट्यांच्या जखमा पाहिल्या. "आता कलमवही तू सांभाळ. मले नाही पाहवत तिच्याकडे." इतकंच बोलल्या आणि बसमध्ये चढल्या. माझा फोन त्या उचलत नाहीत.

आता कलमवही फक्त एका फोल्डरची परवानगी मागते. पांढुर्ण्यापर्यंतच्या नर्सऱ्यांत ती चालते. मोहगावच्या काकांनी मात्र नर्सरीच्या जागेत यंदा कापूस लावला.