प्लांटच्या जिवाला कुंकू

माझं डोकं फार लवकर तापतं, असं घरचे म्हणतात. घरच्यांनी एकदा नागपूरबाहेरच्या त्या कचऱ्याच्या डोंगराखाली दिवस काढून पाहावा आणि मग बोलावं.

कचऱ्यातून पाणी झिरपतं. काळं, बुळबुळीत, वास नाकात शिरला की जेवताना आठवणारं. डोंगराच्या पायथ्याशी एका खड्ड्यात ते साचायचं आणि तिथून जमिनीत मुरायचं. ते स्वच्छ करून दाखवायला आमच्या कंपनीने टेम्पोएवढा एक प्लांट तिथे आणून ठेवला होता, फक्त चाचणीपुरता. मी त्यावरची केमिस्ट. कृती सांगायला सोपी आहे. पाणी आधी आम्ल घालून चांगलं आंबट करायचं, मग हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचं. दोन्ही मिळून आतली घाण जाळून टाकतात. शेवटी चुना घातला की गंजाच्या रंगाचा गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. सगळी मेख आंबटपणात. तो चुकला की महागडं औषध नुसतं फेस होऊन जातं.

तो आंबटपणा मोजायला एक काचेची कांडी होती. तिला प्रोब म्हणतात. तिचं टोक कायम मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावं लागतं, सुकलं की ती मेली. आमच्या दोन ऑपरेटरना मी उठता-बसता बजावत असे, "बाकी काही फुटलं तरी चालेल, हा प्रोब सांभाळा. प्लांटचा जीव याच्यात आहे." ते माना डोलवत. मला वाटायचं, समजलं.

कुंपणापलीकडे एका काकूंचं शेत होतं. पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेने झेंडू. विहीर त्यांचीच, आणि तिच्या पाण्याला चहाचा रंग आलेला. पिण्याचं पाणी काकू दूरच्या नळावरून आणत. रोज सकाळी कुंपणाशी येऊन विचारत, "झालं का वं बाई, पाणी?" मी रोज सांगे, की या डबड्याने तुमची विहीर निवळणार नाही. हे चाचणीत पास झालं तर मोठा प्लांट येईल, खड्डा उपसला जाईल, मग मुरणं थांबेल. त्यांनी त्यातलं एवढंच धरून ठेवलं, की पास झालं पाहिजे.

आणि मग खंडेनवमी आली. मी सुट्टीवर होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहते, तर प्लांट नवरीसारखा सजलेला. पंपाला झेंडूच्या माळा, टाकीवर स्वस्तिक. आणि मधोमध एका पाटावर, लाल कापडावर, साबणाने धुऊन, पुसून कोरडा केलेला, टोकापर्यंत हळदकुंकवाने माखलेला माझा प्रोब!

"हे कोणी केलं?" मी इतक्या जोरात ओरडले, की कचऱ्यावरची कुत्री उठून बसली.

"मॅडम, तुमीच तं म्हणता, प्लांटचा जीव याच्यात हाय," थोरला ऑपरेटर म्हणाला. "मंग पूजा कोणाची करा लागते? जिवाचीच ना?"

"कुंकू काकूनं लावलं," धाकट्याने हळूच भर घातली. "फुलं बी तिच्याच वावरातली."

आता यावर कोणाला काय बोलायचं? मी प्रोब धुतला, मिठाच्या पाण्यात भिजवला, विनवण्या केल्या. प्रोबचा मीटर सातावर अडून बसला, म्हणजे ना आम्ल, ना अल्कली. आम्लात बुडवा, सात. चुन्यात बुडवा, सात. आणि नमुना न्यायला तपासणीवाले दुसऱ्या दिवशी येणार होते.

कंपनीच्या साहेबांना फोन केला. आंबटपणा तपासायच्या कागदी पट्ट्या मी पूर्वीच मागितल्या होत्या. "मीटर असताना कागद कशाला?" म्हणून याच साहेबांनी त्या खोडल्या होत्या. आता ते म्हणाले, "मॅडम, अंदाजाने करा ना. पाणी पांढरं दिसलं म्हणजे झालं." अंदाजाने भाजीत मीठ घालतात, साहेब! हे मी मनात म्हटलं नाही, फोनवरच म्हटलं.

स्कूटी काढून सदरला केमिकलच्या दुकानात गेले. दुकानाचा नोकर म्हणाला, "शेठ गावाले गेले, परवा या." तिथून धरमपेठेत मैत्रिणीकडे. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने दारातच आपट्याचं पान पुढे केलं, सोनं घे म्हणाली, चिवड्याची बशी आणायला वळली. "सोनं राहू दे," मी म्हटलं, "पीएचच्या पट्ट्या दे." बिचारीने सुट्टीच्या दिवशी शिपायाला बोलावून प्रयोगशाळा उघडायला लावली.

दुसऱ्या दिवशी पट्टी बुडवत, रंग बघत, घोटाघोटाने आम्ल घालत मी ती टाकी चालवली. काकू कुंपणाला धरून उभ्या. संध्याकाळी पाणी नितळलं, नमुना गेला आणि पुढच्या आठवड्यात निकाल आला. पास. काकूंनी आम्हा सगळ्यांना गूळ वाटला. मलाही आनंद झाला, कशाला खोटं बोलू?

तो आनंद साहेबांच्या फोनपर्यंत टिकला. "अभिनंदन! आता मशीन खोलायला घ्या. दुसऱ्या शहरात दाखवायचंय."

"आणि मोठा प्लांट?"

"प्रस्ताव वर पाठवलाय."

"मग तोवर हा तरी चालू द्या."

"चाचणी पास झाली मॅडम. पास झालेली चाचणी कोणी चालू ठेवतं का?"

ट्रक आला त्या दिवशी दोर नीट बांधला नाही म्हणून मी ड्रायव्हरवर उखडले. कोणावर तरी उखडायचंच होतं. थोरल्या ऑपरेटरने काकूंना हाक मारली, "काकू, निंगाली मशीन. कुंकू आना ना." त्याने माझ्याकडे चोरून पाहिलं. मी मनाशी म्हटलं, लावा काय लावायचं ते.

काकू हात पुसत कुंपणाशी आल्या. रिकाम्या हातांनी.

"पास झाली ना वं बाई? मंग नेऊन काहून राहिले?"

त्यांनी ट्रककडे पाहिलं, मग झेंडूच्या ओळीपलीकडच्या विहिरीकडे.

"चूक माहीच झाली," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी कुंकू लावलं नसतं, तं नापास झाली असती अन् इथंच राहिली असती."